पदवीनंतर परदेश: आधी मास्टर्स की आधी नोकरी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवटच्या सेमिस्टरचे निकाल लागायची वेळ आली की माझ्या फोनवर ठरावीक मेसेज सुरू होतात. "ताई, एमएसला जाऊ की जपानची ऑफर घेऊ?" "अगं, आमच्या पिंट्याला जरा तू समजाव ना, तुझं ऐकेल." मी मूळची सांगलीची. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स केलं, २०१५ ला पास झाले, चार वर्षं जपानमध्ये नोकरी केली, मग जर्मनीत मास्टर्स, आणि आता परत पुण्यात. म्हणजे दोन्ही करून झालंय, फक्त आमच्या बॅचच्या बहुतेकांच्या उलट्या क्रमानं. तेच तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. व्हिसाचे नियम आणि आकडे २०२६ च्या सुरुवातीचे आहेत. अर्ज भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर पुन्हा बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

एका वाक्यात सांगा ना, आधी काय?

परदेशातल्या कंपनीची खरी ऑफर हातात असेल, तर आधी नोकरी. नसेल, तर पुढचं वाचा.

पण शिक्षण कधी वाया जात नाही, असं बाबा म्हणतात.

बाबांचं खरं आहे. पण एमएसची फी भरताना आपण दोन वेगळ्या वस्तू एकाच बिलावर घेतो. एक शिक्षण, आणि दुसरी त्या देशात राहून नोकरी शोधायची मुदत. आपल्याकडची बहुतेक मुलं खरं तर दुसरीसाठी पैसे मोजतात आणि घरी पहिलीचं नाव सांगतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त मुदतच घ्यायची असेल तर ती किती महिन्यांची, कितीला पडते आणि संपल्यावर काय, एवढं विचारून घ्या. भाजी घेताना आपण जेवढी घासाघीस करतो तेवढी इथेही करावी.

मुदतीचा हिशोब देशागणिक बदलतो. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करायची मुभा मिळते, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत बसत असेल तर आणखी २४ महिने. तीन वर्षं ऐकायला भरपूर वाटतात, पण पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, हे जाहिरातीत कोणी छापत नाही. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात आणि त्या काळात पडेल ते काम करून भाडं भरता येतं. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतर दोन वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिनेच. एका वर्षाचं ब्रिटिश मास्टर्स करायला आत्ता निघणाऱ्यांनी ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहावी.

अमेरिकेचं आता काय? जावं की नाही?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ओपीटी संपायच्या आत एच-१बी, म्हणजे कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा, लागावा लागतो. त्याच्या वर्षाला ६५,००० जागा, शिवाय अमेरिकेतून मास्टर्स किंवा पुढचं शिकलेल्यांसाठी वेगळ्या २०,०००. अर्ज त्याहून कितीतरी जास्त, म्हणून दर मार्चमध्ये सोडत. आतापर्यंत सोडतीत सगळे सारखे होते. २०२६ पासून पगाराच्या पातळीनुसार वजन आलंय: चौथ्या पातळीच्या पगाराच्या माणसाच्या चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीच्या माणसाची एक. नुकता पास झालेला मुलगा कुठल्या पातळीवर असतो, ते सांगायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेर बसलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीला १ लाख डॉलर भरावे लागतात. तिथेच शिकून विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाणाऱ्याला हे शुल्क लागत नाही. म्हणजे पुण्यात बसून थेट अमेरिकेत नोकरी, हा रस्ता नवशिक्यासाठी जवळजवळ बंद झाला. अमेरिकाच हवी असेल तर मास्टर्सचं दार तेवढं उरलंय, आणि त्या दारामागे सोडत आहे.

माझं मत विचाराल तर, घरच्या पैशातून किंवा घराला झेपेल अशा कर्जातून जाता येत असेल, आणि सोडत न लागल्यास "बरं, परत येऊ" असं शांतपणे म्हणता येत असेल, तर खुशाल जा. राहतं घर गहाण ठेवून जाणाऱ्याला मी दोनदा थांबवते. तिसऱ्यांदा थांबवत नाही, त्याचंही आयुष्य आहे.

कर्जाचं गणित नेमकं कसं मांडायचं?

कागद घ्या. समजा ३० लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के. निम्मे पैसे पहिल्या वर्षी उचलले, निम्मे दुसऱ्या वर्षी. कोर्स दोन वर्षांचा आणि वर सहा महिन्यांची सवलत. या काळात हप्ता नसतो, पण व्याज झोपलेलं नसतं. पहिल्या १५ लाखांवर अडीच वर्षांचं पावणेचार लाख, दुसऱ्या १५ लाखांवर दीड वर्षाचं सव्वादोन लाख. हप्ता सुरू होतो तेव्हा कर्ज ३६ लाखांचं झालेलं असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण ४७,५०० रुपये, आणि शेवटी एकूण भरलेले ५७ लाख.

आता खालच्या बाजूला एक ओळ लिहा: "नोकरी तिकडे लागली नाही तर." पुण्यात वर्षाला चार-पाच लाखांच्या पॅकेजवर हातात महिन्याला ३५ हजारांच्या आसपास पडतात. हप्ता त्याच्याहून मोठा. ही ओळ लिहिल्यावर घरात शांतता पसरते, ती मी बऱ्याच दिवाणखान्यांत ऐकलीय. बाबा चष्मा पुसतात आणि आई "चहा टाकते" म्हणून उठते.

डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हेच कर्ज तीन-चार वर्षांत फिटतं, हेही तितकंच खरं. प्रश्न फक्त वाईट बाजू झेपते का, एवढाच आहे. कलम ८०ई खाली व्याजावर आठ वर्षं करसवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. तिच्यासाठी कर्ज काढू नका.

गावाकडे शेती आहे. तिच्यावर कर्ज मिळेल का?

बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घेत नाहीत. सरफेसी कायद्याखाली बँकेला शेतजमीन जप्त करता येत नाही, म्हणून त्यांना तिच्यात रस नसतो. सातबारा घेऊन हेलपाटे घालण्याआधी मॅनेजरला सरळ विचारा. एनए प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव चालते. सरकारी बँका यादीतली मोजकी विद्यापीठं सोडली तर साधारण साडेसात लाखांच्या वर तारण मागतात. बिगरबँक वित्त कंपन्या तारणाशिवाय देतात, पण त्याची किंमत व्याजदरात वसूल होते.

कॉलेजमधून थेट परदेशात नोकरी? ती आयआयटीवाल्यांना मिळते ना?

मलाही तसंच वाटायचं. माझं कॉलेज आयआयटी सोडा, पुण्यातल्या पहिल्या पाचांतही नव्हतं. मग ऑफर कशी आली, तर दुसऱ्या वर्षापासून शनिवार-रविवार जपानीचा क्लास करत होते म्हणून. बाकी मुलं सिंहगडावर पिठलं-भाकरी खात होती आणि मी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, गिरवत होते. तेव्हा रडू यायचं, हे कबूल करते.

आज फ्रेशरला खरोखर उघडी असलेली दारं माझ्या माहितीत ही:

जपान. तिथे तरुण माणसं कमी झालीयत आणि कंपन्या पदवीधर इंजिनिअर बाहेरून घेतात. व्हिसासाठी पदवी आणि कामाचा तिच्याशी संबंध लागतो. पात्रतेचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीओई म्हणतात, ते कंपनीच तिकडच्या इमिग्रेशनकडून काढते. मास्टर्स लागत नाही. उलट नव्या भरतीत त्यांना कोरी पाटी आवडते.

जर्मनी. ऑफर असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधरांसाठीचा राहण्या-कामाचा परवाना. २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो पगाराची अट आहे, पण पदवी मिळून तीन वर्षं झाली नसतील तर सुमारे ४५,९०० युरोही चालतात. म्हणजे तुमची पदवी जितकी ताजी तितकं हे दार रुंद. ऑफर नसेल तर जून २०२४ पासून चान्सेनकार्टे आहे: गुण मोजून किमान सहा भरले तर एक वर्षापर्यंत तिथे राहून नोकरी शोधायची परवानगी, आणि आठवड्याला २० तास काम. त्या वर्षाचा खर्च दाखवावा लागतो. तुमचं विद्यापीठ आणि पदवी परदेशी पदव्यांच्या जर्मनीच्या आनाबिन यादीत कशी नोंदलीय ते सगळ्यात आधी बघा, नाहीतर पुढचं सगळं लटकतं. मेकॅनिकलवाल्यांनो, "जर्मनी म्हणजे गाड्या" हे जरा जपून. फोक्सवॅगननंच डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार करून २०३० पर्यंत ३५,००० हून अधिक जागा कमी करायचं ठरवलंय.

ब्रिटन. भारतीयांसाठी यंग प्रोफेशनल्स योजना आहे, आणि ती फार कमी जणांना माहीत आहे. वय १८ ते ३०, हातात पदवी, खात्यात २,५३० पौंड. सोडतीत नाव निघालं तर दोन वर्षं तिथे राहून काम करता येतं, ऑफर आधी लागत नाही. वर्षाला ३,००० जागा. सोडतीत नाव टाकायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी प्रत्येकाला म्हणते, टाकून ठेव.

ऑस्ट्रेलिया. तिथली मेट्स योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. हीही ३,००० जागांची आणि सोडतीचीच, पण एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या, पहिल्या १०० संस्थांतल्या नव्या पदवीधरांसाठी आणि ठरावीक क्षेत्रांसाठी.

जपानी किती यायला हवी?

जपानीच्या जेएलपीटी परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन५ सगळ्यात सोपी आणि एन१ सगळ्यात अवघड. एन५ वर नोकरी मिळत नाही. आयटीत एन३ वर बोलणी सुरू होतात, इतर ठिकाणी एन२ म्हटलं की समोरचा सरळ होऊन बसतो. परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये, आणि पुण्यात केंद्र आहे. एक मेख लक्षात घ्या: या परीक्षेत बोलण्याचा पेपरच नाही. त्यामुळे एन३ पास झालेली मुलं मुलाखतीत "जिकोशोकाई", म्हणजे स्वतःची ओळख, एवढं घोकलेलं म्हणून गप्प होतात. माझी मैत्रीण आणि मी सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जाऊन दोन तास फक्त जपानीतच बोलायचो. ती बाग जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलीय, तेवढंच वातावरण. तिकीट पाच-दहा रुपयांचं होतं. कुठल्याच क्लासनं मला एवढ्या स्वस्तात एवढं शिकवलं नाही.

कॉलेज सांभाळून एन५ पासून एन३ पर्यंत यायला मला पावणेदोन वर्षं लागली. शेवटच्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये जागे होणाऱ्यांनी यंदाच जपानला जायची आशा धरू नये. पुढच्या वर्षासाठी अभ्यास सुरू करावा.

हातात किती उरतं?

माझा पहिला पगार २ लाख १० हजार येन होता. विमा, पेन्शन, कर जाऊन हातात १ लाख ७० हजारांच्या आसपास. कंपनीचं वसतिगृह स्वस्त असल्यानं महिन्याला ५०-६० हजार येन बाजूला पडायचे. दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये पगारपत्रक बघून मात्र दचकले, कारण रहिवासी कर आदल्या वर्षाच्या उत्पन्नावर बसतो. पहिल्या वर्षी तो नसतो आणि दुसऱ्या वर्षी गुपचूप येऊन बसतो. पहिल्या वर्षीच्या बचतीवर पुढची सगळी स्वप्नं रचू नका.

देश कायमचा सोडताना पेन्शनमध्ये भरलेल्या पैशांचा काही भाग एकरकमी परत मागता येतो. माझ्या वेळी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचाच हिशोब धरायचे, २०२१ पासून ६० महिन्यांपर्यंतचा धरतात. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, आणि तो परत मिळवायचा तर निघण्याआधी तिथे राहणारा एक करप्रतिनिधी नेमून कर कार्यालयात कळवावं लागतं. मी विसरले. सामान बांधण्याच्या गडबडीत तो एक फॉर्म राहिला, आणि मग जर्मनीहून जुन्या शेजाऱ्याला फोनवर विनवण्या करत दीड वर्ष घालवलं. तुम्ही विसरू नका.

एकदा पगाराची चव लागली की पुन्हा अभ्यास होत नाही म्हणतात. खरंय का?

थोडं खरंय. २६ व्या वर्षी वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात २१ वर्षांच्या पोरांनी न घासलेल्या भांड्यांकडे बघताना "हे मी कशाला केलं" असं वाटतं. गणित तर साफ गंजलेलं असतं. पहिल्या सेमिस्टरला मी एका विषयात नापास झाले.

दुसरी बाजू अशी की काय शिकायचं हे मला नेमकं ठाऊक होतं. चार वर्षं मोटर कंट्रोलच्या बोर्डांवर काम केल्यामुळे मला पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच हवं होतं. कॉलेजातून थेट गेले असते तर तेव्हा ज्याची हवा होती ते घेतलं असतं. आणि खर्च माझ्या बचतीतून झाला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही आता फी सुरू केलीय. खरा बोजा ब्लॉक खात्याचा, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याचा: सध्या वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. हे पैसे खर्च होत नाहीत, महिन्याला ९९२ युरो करून तुम्हालाच परत मिळतात, पण आधी भरावे लागतात. बाबांकडे मागायला लागले नाहीत याचा आनंद मला पदवीपेक्षा जास्त झाला होता, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

मग मास्टर्स आधी कोणी करावं?

ज्यांचं दार पदवीनं उघडतच नाही त्यांनी. चिप डिझाइन, संशोधन, भूकंप अभियांत्रिकी, असली कामं बीईवर क्वचितच मिळतात. शाखा बदलायची असेल त्यांनीही, म्हणजे सिव्हिल करून डेटाकडे वळायचं असेल तर. शिवाय ज्यांना मनापासून शिकायचंय त्यांनी. असे लोक मला प्रश्नच विचारत नाहीत, ते विद्यापीठाच्या प्राध्यापकाचे पेपर वाचत बसलेले असतात.

"प्लेसमेंट झाली नाही म्हणून एमएस" हे मात्र कारण नव्हे, ती पळवाट आहे. इथे मुलाखतीत अडखळणारा मुलगा तिथे ४० लाख खर्चून इंग्रजीतून अडखळतो. आधी इथेच वर्षभर मिळेल ती नोकरी करून बघा.

पीएचडी?

अमेरिकेत बीई किंवा एमएससीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो आणि चांगल्या विभागांत फी माफ होऊन वर मानधन मिळतं. पैशाच्या दृष्टीनं एमएसपेक्षा हे कितीतरी स्वस्त. पण पाच-सहा वर्षं जातात. केवळ फी वाचते म्हणून जाणारे दुसऱ्या वर्षी कोलमडलेले पाहिलेत.

मी बीकॉम / बीए / बीएस्सी आहे. माझ्यासाठी काय?

तीन वर्षांची पदवी ही पहिली अडचण. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं शाळा-कॉलेज मिळून १६ वर्षांचं शिक्षण मागतात. काही ठिकाणी तीन वर्षं चालतात, पण प्रत्येक विभागाला ईमेल करून विचारावं लागतं. इथे एमएस्सी किंवा एमकॉम करून जाणं हाही सरळ मार्ग आहे. त्यात काही कमीपणा नाही. बीए जर्मन किंवा जपानी असेल तर उलट तुम्ही इंजिनिअरपेक्षा पुढे आहात: जपानचा जो व्हिसा इंजिनिअरला मिळतो, त्याच्याच आत भाषांतर आणि आंतरराष्ट्रीय सेवांचा विभाग आहे.

नर्सिंग झालंय.

थेट नोकरी. जर्मनीत पदवीला मान्यता आणि साधारण बी२, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीची जर्मन लागते. भाषेला वर्ष-सव्वा वर्ष द्या आणि मास्टर्सचा विचार तिकडे गेल्यावर करा.

कन्सल्टन्सीवाले सगळं फुकट करून देतात. घ्यावी का मदत?

फुकट कसं परवडतं त्यांना, हे विचारलंय का कधी? बऱ्याच विद्यापीठांकडून त्यांना प्रवेशामागे कमिशन मिळतं. म्हणून तुमच्या यादीत कमिशन देणारी विद्यापीठं वर येतात आणि जर्मनीची बिनफीची सरकारी विद्यापीठं "तिथे भाषेचा फार प्रॉब्लेम आहे हो" म्हणून गळतात. माझ्या मामेभावाला एका ऑफिसात नेमकं हेच वाक्य ऐकवलं होतं, आणि त्याच टेबलावर एका महागड्या खासगी विद्यापीठाचं पत्रक ठेवलं होतं. कागद लावून घ्यायला मदत घ्या. यादी मात्र स्वतः करा.

नोकरीची ऑफर खरी आहे हे कसं ओळखायचं?

पैसे कोण मागतंय ते बघा. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. एजंट नोंदणीकृत आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतं. "आधी टुरिस्ट व्हिसावर या, वर्क परमिट इकडे आल्यावर करू" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी म्हणून गेलेली भारतीय मुलं म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत अडकली आणि सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं. त्यात इंजिनिअरही होते.

शिष्यवृत्ती मिळते का हो खरंच?

मिळते, पण तारखा पाळणाऱ्यांना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, जागतिक क्रमवारीतल्या विद्यापीठाची अट. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज वेगळी. मराठा समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती. जपान सरकारची मेक्स्ट: फी माफ आणि संशोधक विद्यार्थ्याला महिन्याला सुमारे १ लाख ४३ हजार येन. युरोपात युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस आणि जर्मनीची डाड. शिवाय १८९२ पासून चालू असलेली जे. एन. टाटा एंडोमेंट, ती कर्जाच्या रूपात.

अटी मात्र बारीक वाचा. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची अट होतीच.

मुलगी आहे. "मास्टर्स म्हटलं तर पाठवू, नोकरीला एकटी नको" असं घरचे म्हणतात.

हा प्रश्न मुलं कधीच विचारत नाहीत, म्हणून याचं उत्तर मी स्वतंत्रपणे फोनवर देते. पण थोडं इथे. आमच्याकडे आत्यानं हेच म्हटलं होतं. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वसतिगृह, बाई, फाटक असं काहीतरी येतं. प्रत्यक्षात परदेशी विद्यापीठात तुम्ही घर स्वतः शोधता, रात्री अकराला लायब्ररीतून एकट्या परत येता आणि कोणी हजेरी घेत नाही. माझ्या कंपनीच्या महिला वसतिगृहात मात्र खाली चोवीस तास काकू बसायच्या आणि उशीर झाला की चौकशी करायच्या. मी आत्याला त्या काकूंशी व्हिडिओवर बोलायला लावलं. दोघींना एकमेकींचं अवाक्षर कळलं नाही, पण दोघी वीस मिनिटं बोलल्या, आणि विषय मिटला.

लग्नाचं म्हणाल तर, स्थळं दोन्हीकडे येतात.

इथल्या कंपनीत दोन वर्षांचा बॉण्ड आहे, तोवर काय करू?

भाषा. आणि हप्ता नसलेली बचत.

आत्ता काहीच ठरत नाहीये. निदान काय करून ठेवू?

कॉलेज सोडायच्या आत कागद गोळा करा. ट्रान्सक्रिप्टचे निदान पाच संच. संपूर्ण अभ्यासक्रमाची प्रत, तासांसकट, शक्यतो कॉलेजचा शिक्का मारून, कारण जर्मन विद्यापीठं विषयवार ताळा करतात आणि पाच वर्षांनी तो जुना अभ्यासक्रम कॉलेजातच सापडत नाही. जर्मनीसाठी एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, आता अनिवार्य आहे, त्यालाही सगळ्या गुणपत्रिका लागतात. दोन प्राध्यापकांकडून शिफारसपत्राचं तोंडी कबूल करून घ्या आणि दिवाळीला मेसेज करत राहा. जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, इंग्रजीच्या आयईएलटीएसचे दोनच, त्यामुळे दुसरी परीक्षा घाईनं देऊ नका.

आणि नाव. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं, आणि कुठे कुठे आईचंही. पासपोर्टवर भलताच क्रम. माझ्या दहावीच्या, पदवीच्या आणि पासपोर्टच्या नावांत तीन वेगवेगळी माणसं होती. जपानमध्ये बँकेच्या खात्यावर माझं नाव वडिलांच्या नावानं सुरू झालं आणि चार वर्षं तिथली खिडकीवरची मुलगी मला "रमेश-सान" म्हणून हाक मारत होती. गुणपत्रिका आणि पासपोर्ट आज शेजारी शेजारी ठेवून एक-एक अक्षर जुळवून बघा. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्राची आणि दुरुस्तीची भानगड आत्ताच उरकून घ्या, तहसील कार्यालय अजून घरापासून चालत जायच्या अंतरावर आहे तोवर.